पेटीचा सूर, गेट आणि तीनतालाची खाली : प्रकल्प नोंदी

८ जून

काम हातात आलं. कथकच्या वर्गासाठी साधारण सहा मिनिटांचा तुकडा करायचा आहे. तीनताल, मध्य लय. ताईंची अट एकच : तबला नको. ठेका कळला पाहिजे, पण तबल्यावाचून. मुलींच्या पायात तो इतका बसलाय की नुसत्या इशाऱ्यावर त्या आवर्तन धरतात, तेव्हा इशारा नेमका हवा, असं त्यांचं म्हणणं.

माझ्याकडूनही एक अट घातली. सिंथेसायझरमधला तयार पॅड, म्हणजे लांबट कृत्रिम सूर, वापरायचा नाही. काकांच्या पेटीचा धरलेला सूर घ्यायचा आणि त्याला गेटने लय द्यायची.

ज्यांनी गेट वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हे मूळचं सफाईचं अवजार. आवाज ठरवलेल्या पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेला की दार उघडतं, खाली आला की बंद होतं. दोन वाक्यांच्या मधली पंख्याची घरघर त्याने जाते. १९९० च्या दशकातल्या ट्रान्स संगीतात हेच दार तालात उघडबंद करून लांबलचक स्वरसमूह सोळा घरांत चिरायची पद्धत रुळली आणि तिला ट्रान्स गेट हे नाव पडलं. तिकडे लय १३८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १३८ ठोक्यांच्या, आसपास असते, म्हणजे एक घर सुमारे १०९ मिलिसेकंदांचं. आपलं सगळं त्याहून संथ असणार.

लय ९६ धरली. मात्रा ६२५ मिलिसेकंद, सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर १० सेकंद. चौगुणीतलं, म्हणजे मात्रेत चार घरं धरून, एक घर १५६.२५ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पलच्या, फाइलमध्ये हे घर नेमकं ७,५०० सॅम्पलचं होतं, मागे अपूर्णांक उरत नाही. ४४.१ ला ६,८९०.६ येतात. कानाला यातलं काही कळत नाही, पण लूप कापताना डोक्याला ताप राहत नाही.

१२ जून

पंचवटीत काकांकडे रेकॉर्डिंग. पेटी खर्ज-नर-मादी (खालचा, मधला, वरचा) अशी तीन सुरांची, भजनी मंडळात वाजून वाजून मऊ झालेली. स्वर काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी सा. आधी नुसता सा-प-सा धरून ठेवायला सांगितला, काकांचा हात थकेपर्यंत. मग तीनतालातला लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट.

माइक एकच, पेटीच्या मागच्या बाजूला, दोन हातांवर. समोर ठेवला तर पट्ट्यांचा खटखटाट सुरापेक्षा मोठा येतो. पंखा बंद, खिडक्या बंद, जूनमधला उकाडा. रेकॉर्डिंग संपेपर्यंत दोघेही घामाने भिजलो होतो.

काका ऐकून घेत होते, मग म्हणाले, "मी सूर धरून ठेवायचा आणि तू तो तोडायचा. मग धरायचा कशाला? मीच तोडून वाजवतो की."

प्रश्न रास्त आहे. म्हणून तेही रेकॉर्ड करून घेतलं : तोच सा-प-सा, पट्ट्या दाबत-सोडत, चौगुणीत. घरी आल्यावर दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाहिले. तोडून वाजवलेल्यात प्रत्येक वेळी रीड नव्याने जागी होते. सुराला उभं राहायला क्षणभर लागतो, खर्जाला तर जास्तच. त्यामुळे प्रत्येक ठोका थोडा धापा टाकत येतो. धरलेल्या सुरावर गेट लावलं की सूर आत चालूच असतो, आपण फक्त मधून मधून ऐकतो. काकांचा भाता भरतो आणि ओसरतो, ती लाट दारामागून पुढे सरकत राहते. पहिल्या उघडीपेक्षा पाचवी उघड वेगळी ऐकू येते, कारण मधल्या काळात भात्यातली हवा बदललेली असते. तोडून वाजवलेल्या सुरात हे कधीच सापडायचं नाही. काकांना दोन्ही फाइली ऐकवायच्या.

१५ जून

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं रिआगेट हे गेट घेतलं. पेटीच्या स्वतःच्या आवाजावर दार चालवून पाहिलं. भाता दाबला की पातळी वर, सैल सोडला की खाली, आणि दार त्या भात्याच्या मर्जीने हलतं. ऐकायला वाईट नाही, पण त्यात ताल नाही. लयीसाठी दाराची चावी बाहेरून यायला हवी.

म्हणून वेगळा चावी-ट्रॅक केला. त्यावर एक किलोहर्ट्झची छोटी पिपाणी, मिडी नोटांनी, म्हणजे संगणकावर मांडलेल्या सुरांनी, वाजणारी. हा ट्रॅक मुख्य आउटपुटला जात नाही, फक्त पेटीच्या ट्रॅकच्या तिसऱ्या-चौथ्या चॅनेलवर जातो, आणि रिआगेटच्या डिटेक्टरला ऑक्झिलरी इनपुट ऐकायला सांगितलेलं आहे. पिपाणीची पातळी कायम एकच, त्यामुळे थ्रेशोल्ड एकदा लावला की पुन्हा हात लावायला नको. नोट लांब केली की दार जास्त वेळ उघडं, आखूड केली की कमी. सोळा घरांच्या तयार प्लगइनपेक्षा हे मला बरं वाटतं, कारण तीनतालाचं आवर्तन चौगुणीत चौसष्ट घरांचं होतं आणि ती चौसष्टच्या चौसष्ट एका नजरेत दिसतात.

१८ जून

आज फक्त आकडे. घर १५६ मिलिसेकंद. दार ६० टक्के उघडं म्हणजे ९४ उघडं, ६२ बंद. या ६२ मध्ये रिलीजही, म्हणजे दार पुरतं बंद व्हायला लागणारा वेळही, बसला पाहिजे. रिलीज १२० ठेवून पाहिला : दार पुरतं बंद होण्याआधीच पुढची नोट येते, आवाज फक्त हेलकावतो, गेटचं ट्रेमोलो होऊन जातं. ४० वर आणल्यावर काप स्पष्ट झाले.

त्यापुढे एक गोष्ट कानाला पटत गेली. उघडण्याच्या जागा तशाच ठेवून फक्त बंद होण्याची रीत बदलली तरी लय बदलल्यासारखी वाटते. आखूड रिलीजला ती घाईत असते, लांब रिलीजला निवांत. ठोक्यांच्या जागा तसूभरही हललेल्या नसतात. गेटबद्दलच्या बहुतेक धड्यांत सगळा भर दार कुठे उघडायचं यावर असतो. माझा या तुकड्यातला बराचसा वेळ दार कसं लावायचं यातच जाणार असं दिसतंय.

२१ जून

खर्जावर टकटक. अटॅक, म्हणजे दार उघडायला लागणारा वेळ, १ मिलिसेकंद ठेवला की कढईत मोहरी तडतडावी तसा प्रत्येक उघडीला आवाज. कारण सरळ आहे. काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा, त्याची एक लाट १४.४ मिलिसेकंदांची. दार लाटेच्या मध्यावर एका झटक्यात उघडलं की लहरीला कोपरा पडतो, आणि कोपरा म्हणजे सगळ्या वारंवारतांचा एक शिंतोडा. वरच्या स्वरांत तो दडून जातो, खर्जात झाकायला काही नसतं.

अटॅक ८ केला तेव्हा तडतड गेली, पण वरची धारही बोथट झाली. खालचं आणि वरचं वेगळं केल्याशिवाय जमायचं नाही.

२२ जून

वीज नाही. दिवसभर.

२८ जून

ताईंना दोन नमुने पाठवले होते. पहिल्यात धरलेला सूर आणि लेहरा दोन्हींवर गेट. दुसऱ्यात फक्त धरलेल्या सुरावर गेट, लेहरा साफ.

संध्याकाळी फोन. "अरे, पहिलं ऐकायला झकास आहे, पण त्यात मला सम सापडत नाही." सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा.

"ताई, समेवर दार पूर्ण उघडं ठेवलंय."

"ते तुझ्या कॉम्प्युटरला माहीत. मला लेहऱ्यावरून कळतं ना मी कुठे आहे ते. तोच चिरलास तर मुलींनी काय धरायचं?"

मुद्दा निकालात. कथकमध्ये लेहऱ्याचं कामच आवर्तन दाखवण्याचं. तीच सुरावट पुन्हा पुन्हा येते, तिच्यावरून नाचणाऱ्याला कळतं की आपण सहाव्या मात्रेवर आहोत की चौदाव्या. तो चिरला की घड्याळाचे काटेच काढून घेतले. यापुढे लेहरा गेटबाहेर. गेट फक्त आधाराच्या सुरावर.

दुसरं त्या म्हणाल्या ते जास्त अडचणीचं : "दुसऱ्यात सम कळते, पण खाली कुठंय?" खाली म्हणजे नवव्या मात्रेपासूनचा विभाग, जिथे टाळी न देता हात वळवतात.

३ जुलै

खालीवर डोकं चालवतोय. आजची नोंद लांबेल.

पहिला सोपा उपाय : नवव्या मात्रेपासून चार मात्रा दार बंद. केला. सूर अडीच सेकंद गायब. ऐकणाऱ्याला वाटतं फाइल अडकली. शिवाय तबल्यात खालीला शांतता नसतेच. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, वाजत राहतो, फक्त बायाँची, डाव्या हाताच्या डग्ग्याची, घुमार जाते. धा चा ता होतो, धिं चा तिं होतो. तबलजी खालीत वाजवणं थांबवत नाही, तळ काढून घेतो.

मग गेटनेही तेवढंच करावं. पूर्ण सुरावर दार लावण्याऐवजी फक्त तळावर लावायचं.

सूर दोन भागांत फाडला. कुठे फाडायचा, याचं उत्तर पेटीनेच दिलं. सा-प-सा मध्ये खर्जाचा सा ६९ हर्ट्झवर, खर्जाचा प १०४ वर, नराचा सा १३९ वर, नराचा प २०८ वर. बाकी जे काही वर वाजतं ते यांच्याच पटीत. १३९ आणि २०८ च्या मध्ये या सुरात काहीच नाही, मोकळं मैदान. तिथे, १७० वर, काप घेतला. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे फाडणीच्या, जागी लहरी मागेपुढे सरकून फेजची जी गडबड होते ती रिकाम्या जागेत होऊ दे, ऐकायला तिथे कोणी नाही.

आता ठेका कागदावर मांडला :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

हाताने ताल धरताना खाली नवव्या मात्रेवर दाखवतो. पण वाजतं काय ते बघा. नववी मात्रा धा आहे, बायाँ तिथे अजून चालू. तो दहाव्या मात्रेला थांबतो, तेराव्यापर्यंत थांबलेला राहतो आणि चौदाव्याला धिं वर परत येतो. म्हणजे हाताची खाली नऊ ते बारा, कानाची खाली दहा ते तेरा. एक मात्रा सरकलेली. लहानपणापासून ताल धरत आलोय, पण दार नेमक्या कुठल्या घरात लावायचं हा प्रश्न समोर येईपर्यंत हे असं वेगळं काढून बघायची गरज पडली नव्हती.

तळाचं दार दहाव्या मात्रेला लावलं : आवर्तनाच्या ५.६२५ सेकंदाला. उघडलं चौदाव्याला : ८.१२५ ला. वरचा भाग त्या काळात चौगुणीत चिरत राहतो, खंड नाही. तळाच्या दाराला अटॅक २५, रिलीज १८० मिलिसेकंद, दोन्ही सैल, कारण इथे धार नको, वजन हवंय. वरच्या दाराला अटॅक २, रिलीज ४०. एकविसाव्या तारखेची तडतडही याच फाडणीने सुटली.

मग मुद्दाम दुसरी आवृत्ती केली, तळ नऊ ते बारा बंद. दोन्ही डोळे मिटून ऐकल्या. नऊ-ते-बारा मध्ये तळ तेराव्याला परततो, विभागाच्या तोंडावर, चोख आणि निर्जीव. दहा-ते-तेरा मध्ये तो चौदाव्याला येतो, विभाग सुरू होऊन गेल्यावर, आणि तिथून समेपर्यंत तीनच मात्रा उरतात. त्या तीन मात्रांत सम येतेय हे अंगाला कळतं. ठेका ज्यांनी कोणी असा घडवला त्यांना हे पक्कं ठाऊक असणार.

आणखी एक गंमत. तळ काढला तरी सुराची पट्टी बदलत नाही, काळी एक ती काळी एकच राहते. मूळ स्वर काढून घेतला तरी वरच्या पटींवरून कान तो मनात भरून काढतो, हे ध्वनिशास्त्रातलं जुनं निरीक्षण. सूर तोच, त्याचं अंग तेवढं गेलेलं. खालीला हेच तर हवं होतं.

८ जुलै

ताईंचा निरोप : "खाली अजून नाही आली."

त्यांनी फोनवर ऐकलं होतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून १७० च्या खालचं काही बाहेरच पडत नाही. तिथे तळ उघडा काय आणि बंद काय, सारखंच. मुली घरी सराव फोनवरच करणार, म्हणून हे बाजूला सारून चालणार नाही.

उपाय : दहा ते तेरा मात्रांमध्ये वरच्या दाराचं उघडं राहणं ६० टक्क्यांवरून ३५ वर आणलं. म्हणजे ९४ ऐवजी सुमारे ५५ मिलिसेकंद. तळ जातो आणि वरचे कापही सुके होतात. फोनवर सुकेपणा ऐकू येतो, चांगल्या स्पीकरवर दोन्ही. तबल्यातही खालीचे बोल सुकेच असतात, तेव्हा ही काही फोनसाठी केलेली लबाडी नाही.

ताईंनी पुन्हा फोनवरच ऐकलं. "हां. आता आहे."

१३ जुलै

शेवटच्या दीड मिनिटासाठी ताईंची कल्पना : ततकारानेच पेटीचं दार उघडावं. पाय पडला की सूर, पाय थांबला की बंद. चावी-ट्रॅक बाजूला, खरा पाय हीच चावी.

घुंगरांसमोर माइक ठेवून पाहिला. घुंगरू वाजून थांबत नाही, किणकिणत राहतं. ती शेपटी थ्रेशोल्डच्या आजूबाजूला घोटाळत राहते आणि दार फडफडतं. हिस्टेरिसिस लावून, म्हणजे उघडायची पातळी वर आणि बंद व्हायची सहा डेसिबल खाली ठेवून, फडफड पुष्कळ कमी झाली. पण दुसरी अडचण निघाली. ताईंचा वर्ग गंगापूर रोडच्या बाजूला, शेजारच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय. नाशिकचा ढोल कुठल्या थ्रेशोल्डला दाद देतो! बाहेर टिपरू पडलं की इकडे पेटी वाजते. मुली हसून लोळल्या. ऐकायला खरं तर भन्नाट होतं, वेगळ्या तुकड्यासाठी लक्षात ठेवतो.

तोडगा पायझोचा. गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पितळी चकती आणली, वायर डकवली, जाड प्लायच्या फळीला खालून दुहेरी टेपने चिकटवली. पायझो हवेतला आवाज जवळपास ऐकतच नाही, फळीची थरथर ऐकतो. ढोल चालू असतानाही दार शांत. घुंगराचा किणकिणाटही त्याच्यापर्यंत पोचत नाही, फक्त तळव्याचा दणका पोचतो.

होल्ड, म्हणजे दार किमान उघडं राहण्याचा वेळ, ७०, रिलीज ५०. बेरीज १२०, चौगुणीच्या १५६ च्या आत, म्हणून दोन पायांच्या मध्ये दार खरंच बंद होतं. टाच आणि चवडा मागोमाग पडले तरी होल्डमुळे ते एकच उघड धरलं जातं. रिआगेटमधलं प्री-ओपन इथे शून्य. दार ठोक्याच्या आधी उघडायचं तर पुढचं आधी ऐकावं लागतं, म्हणजे आवाज थांबवून धरावा लागतो, आणि नाचणाऱ्याच्या पायाला तेवढा उशीरही जाणवतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना धरून दुप्पट आणि वर थोडं. सर्वात मोठ्या मुलीला विचारलं, पायाला मागे राहिल्यासारखं वाटतंय का. ती म्हणाली, "नाही दादा, फळीतूनच सूर येतोय असं वाटतंय."

फळी एकच, म्हणून तिच्यावर एकच जण नाचणार, बाकीच्या मागे जमिनीवर.

२० जुलै

तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं. चौथ्या मिनिटाच्या शेवटी एक हवी आहे, गेटनेच काढलेली.

त्याआधी युक्लिडियन पॅटर्न लावून पाहिले. हल्ली बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते असतात : इतक्या घरांत इतके ठोके शक्य तितके समान पसरव. गॉडफ्रीड तुसाँ या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवलं की जगभरातल्या कितीतरी पारंपरिक लयी या गणितातून निघतात. सोळात पाच टाकले तर ३-३-३-३-४ असं मिळतं. छान झुलतं. पण ते नुसतं झुलत राहतं, कुठे जात नाही. तिहाईचा सगळा जीव समेवर जाऊन आदळण्यात. समान वाटणीत आदळायला जागाच नसते.

हिशेब असा. तेराव्या मात्रेपासून सुरू, चौगुणीत सोळा घरं, आणि शेवटचा धा सतराव्या घरात, म्हणजे समेवर. 'ति ट क त धा' ही पाच घरं, मग एक घर मोकळं, असं तीनदा. पाच त्रिक पंधरा आणि मधली दोन, सतरा. धा येतात पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या घरात.

सोळा घरांच्या तयार प्लगइनमध्ये हा सतरावा धा मावतच नाही. पॅटर्न पुन्हा पहिल्या घरावर उडी मारतो, आणि पहिल्या घराचा आकार तिहाईच्या धा ला शोभेलच असं नाही. मिडी नोटांच्या चावीला हद्दच नसल्यामुळे नोट सरळ समेपलीकडे ओढता आली. 'तिटकत' ची चार घरं ४० टक्के उघडी, धा पूर्ण घरभर उघडा, पुढच्या मोकळ्या घरात रिलीज ओसरतो. समेवरचा धा पूर्ण मात्राभर, तळासकट. पहिल्या दोन धांना तळ दिलेला नाही, समेसाठी राखून ठेवलाय. ठेक्याप्रमाणे तो चौदाव्यालाच यायला हवा, पण तिहाई चालू असताना ठेक्याचं कोण ऐकतं.

यंत्राचा नेमकेपणा मात्र इथे खुपला. 'तिटकत' ची चारही घरं मोजून कापलेली वाटत होती. दुसरी आणि चौथी नोट दहा मिलिसेकंद उशिरा सरकवली तेव्हा बोल तोंडातून निघाल्यासारखे वाटायला लागले.

२७ जुलै

सुरुवातीच्या टाळ्यांसाठी गेटेड रिव्हर्ब. मोठ्या हॉलचा रिव्हर्ब, म्हणजे घुमार, टाळीला लावायचा आणि तो विरण्याआधीच दार धाडकन लावायचं. १९८० च्या दशकातल्या पाश्चात्त्य ड्रमचा तो भलामोठा, मध्येच तुटणारा आवाज हाच. १९७९ च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएलच्या रेकॉर्डिंगला फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता आणि ह्यू पॅजम कन्सोलवर होता. वादकाचं बोलणं ऐकण्यासाठी छताला टांगलेल्या माइकवर जबरदस्त कॉम्प्रेसर बसवलेला होता. त्यातून ड्रम ऐकू आले ते असे अजस्र, आणि मग गेट लावून ती शेपूट तोडली. बोलण्यासाठी ठेवलेल्या माइकने एका दशकाचा आवाज ठरवला.

टाळीवर रिव्हर्ब १.८ सेकंद, दार ३१२ मिलिसेकंदांवर, म्हणजे अर्ध्या मात्रेला बंद. टाळी मोठी होते आणि पुढच्या मात्रेच्या आड येत नाही. झकास.

२ ऑगस्ट

पावसाने कहर. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय म्हणतात, काकांकडे जायचं रद्द. घरून मिक्स. आधाराचा सूर आणि लेहरा एकमेकांना ढकलत होते. लेहरा १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये पुढे, तिथून आधार दोन डेसिबल मागे. विशेष काही नाही.

९ ऑगस्ट

सभागृहात तालीम. छोटंच आहे, पण भिंती गुळगुळीत आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या. मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर दीडेक सेकंद घुमते.

अशा जागेत ६२ मिलिसेकंदांचं बंद दार ऐकूच येत नाही. पहिल्या कापाची घुमार संपायच्या आत दुसरा काप आलेला असतो, मधली फट भरून निघते. घरच्या हेडफोनवर सुरीने कापल्यासारखा वाटणारा गेट इथे नुसती थरथर. ताई स्टेजवरून म्हणाल्या, "त्या दिवशी फोनवर जास्त चांगलं वाटत होतं." त्यांचं बरोबर होतं.

तिथेच लॅपटॉप उघडून बदल केले. बराचसा चौगुणीचा भाग दुगुणीत आणला. घर ३१२ मिलिसेकंद, दार ४० टक्के उघडं, म्हणजे सुमारे १८७ बंद. तेवढी फट या सभागृहात टिकते. चौगुण फक्त तिहाईत आणि तिच्या आधीच्या आवर्तनात ठेवली, म्हणजे ती आली की वेग वाढल्याचं तरी कळतं. टाळीवरचा गेटेड रिव्हर्ब काढून टाकला. कोरडी टाळी सोडली, बाकीचं सभागृह फुकटात करतं, फक्त दार लावत नाही. डावीकडून-उजवीकडून आलटून-पालटून उघडणारी दोन दारंही गेली. इथले दोन्ही स्पीकर एकच आवाज देतात आणि प्रेक्षकांतले निम्मे एकाच स्पीकरसमोर बसणार.

तळाची खाली मात्र कुठलाही बदल न करता लागू पडली. अडीच सेकंदांची फट कुठलीही घुमार भरून काढू शकत नाही. घरी वाटली होती त्याहून जास्त ठळक. दहाव्या मात्रेला खोलीतलं वजन उतरतं आणि चौदाव्याला खुर्चीच्या पाठीतून परत येतं. मागच्या रांगेत बसलेल्या एका मुलीच्या आजी नातीच्या पायांकडे बघत हाताने ताल धरत होत्या. खालीला त्यांचा हात बरोबर वळला. तबला नव्हता तरी.

१६ ऑगस्ट

ताईंना लय वाढवून हवी आहे, १०४. मुलींचे पाय तयार झालेत, ९६ ला त्या ताटकळतात.

मात्रा आता ५७७ मिलिसेकंद, चौगुणीचं घर १४४, आवर्तन ९.२३ सेकंद. चावी-ट्रॅकच्या नोटा लयीबरोबर आपोआप आवळल्या गेल्या, तिहाईसुद्धा. गेटमधले मिलिसेकंद तसेच राहतात, ते हाताने बघायचे. अटॅकला हात लावला नाही, तो सुराच्या लाटेशी बांधलेला आहे, लयीशी नाही. तळाचा रिलीज १८० वरून १६५. पायाच्या दाराचा होल्ड ७० वरून ६०, म्हणजे ५० चा रिलीज धरून ११० झाले, १४४ च्या आत. आधाराचा सूर नुसता धरलेला, त्याला लय नाही, म्हणून तो जसाच्या तसा चालतो. लेहरा ताणून-आवळून पाहिला. पेटीच्या रीडची खरखर पातळ पडते, ऐकवत नाही. पुन्हा रेकॉर्ड केलेला बरा.

काकांना फोन केला. "एकशेचार म्हणजे नेमकं किती रे?"

मेट्रोनोम ऐकवला. त्यांना पटला नाही. "ते टिकटिक नको. त्या मुलीला घेऊन ये, तिच्या पायावर वाजवतो."

१९ ऑगस्ट

काकांच्या ओसरीत फळी टाकली, ती मुलगी ततकार करत राहिली, काकांनी लेहरा वाजवला. पाय यंत्राला धरून नव्हते, मध्येच किंचित पुढे, समेपाशी किंचित मागे. आधाराच्या सुराची चावी त्याच पायांवरून घेतली : पायझोचा आवाज रेकॉर्ड केलेला होताच, रिआगेटला दार उघडताना मिडी पाठवायला सांगितलं आणि त्या नोटांवरून चावी-ट्रॅक नव्याने बांधला. आता आधार, लेहरा आणि पाय तिन्ही एकाच लयीत सरकतात. दहा मिलिसेकंदांची हाताने केलेली सरकवासरकव पुसून टाकली, तिची गरज उरली नाही.

काकांना जूनमधल्या दोन फाइली ऐकवल्या, तोडून वाजवलेली आणि धरून कापलेली. दोन्ही पुन्हा लावायला सांगितल्या. मग म्हणाले, "दुसरीत माझा भाता ऐकू येतोय. पुढच्या वेळी सांग आधी, एकसारखा मारतो." त्यांना म्हटलं, अजिबात नको.

दोन फाइली ताईंना पाठवल्या : सभागृहासाठी दुगुणीची, घरच्या सरावासाठी चौगुणीची. लेहरा वेगळा स्टेम, म्हणजे स्वतंत्र ट्रॅक, म्हणून सोबत दिला, तिथला साउंडवाला गरजेप्रमाणे वर घेईल. पायझोची एक जादा चकती आणि वायर फळीच्या मागे टेपने लावून ठेवली आहे.